जुन्या गाडीचे पेट्रोल पाइप बदलताय? आधी पाइपवर काय छापलंय ते वाचा

दुकानात जाऊन "आठ एमएमचा पेट्रोल पाइप द्या, दोन मीटर" असं म्हटलं की एक काळा रबरी पाइप मिळतो, तो बसतो, गाडी सुरू होते, आणि आपल्याला वाटतं झालं काम. मग वर्षा-दीड वर्षाने बॉनेट उघडल्यावर वास येतो, पाइप बोटाने वाकवला की त्यावर बारीक तडे दिसतात, आणि शिव्या पडतात पेट्रोलला. मीही दिल्यात. पण माझ्या केसमध्ये चूक माझीच होती, कारण मी फक्त माप सांगितलं होतं, पाइपच्या आत कोणतं रबर आहे ते विचारलंच नव्हतं. बाहेरून सगळे पाइप सारखेच काळे दिसतात. टिकतो किंवा सडतो तो आतला थर.

खाली क्रम दिलाय तसाच करा. बरेच जण आधी पाइप आणतात, मग गाडीखाली जाऊन मोजतात, आणि मग जे आणलंय तेच कुठेतरी बसवून टाकतात.

## १. आधी गाडीखाली जा, कागद-पेन घेऊन

टाकीपासून इंजिनपर्यंत पेट्रोल कुठून कुठे जातं ते बघा आणि प्रत्येक रबरी तुकड्यासमोर चार गोष्टी लिहा: तो कुठल्या दोन जागा जोडतो, किती लांब आहे, त्यात दाब आहे का ओढ आहे का फक्त वाफ आहे, आणि जवळ किती गरम आहे. जुन्या गाडीत साधारण हे तुकडे सापडतात: टाकी ते लोखंडी पाइप, लोखंडी पाइप ते पंप, पंप ते फिल्टर, फिल्टर ते कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी परतीची लाइन असेल तर ती, टाकीची हवा जायची बारीक नळी, आणि पेट्रोल भरतो त्या तोंडापासून टाकीपर्यंतची जाड नळी. शेवटच्या दोन लोक हमखास विसरतात, आणि टाकी फुल केल्यावर वास येतो तो बऱ्याचदा तिथूनच.

दाबाचा अंदाज असा. कार्ब्युरेटर आणि मेकॅनिकल पंप असेल तर साधारण ३ ते ६ पीएसआय (दाबाचं एकक), म्हणजे अगदी कमी. इंजेक्शनवाली गाडी असेल तर बहुतेक मल्टिपॉइंट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) सिस्टिममध्ये ३ बारच्या आसपास, म्हणजे ४० पीएसआयच्या वर, आणि काही जुन्या मेकॅनिकल इंजेक्शन सिस्टिम ५ बारपर्यंत जातात. पंपाच्या आधीची लाइन, म्हणजे टाकीकडची, तिथे दाब नसून ओढ असते, आणि हे लक्षात ठेवा कारण पुढे चेक करताना कामाला येतं.

गाडीवर लांबच लांब रबरी पाइप टाकलेला दिसला, म्हणजे कुणीतरी गंजलेला लोखंडी पाइप काढून त्याच्या जागी टाकीपासून इंजिनपर्यंत सलग रबर ओढलंय, तर तोच परत तसा बदलू नका. लांब अंतर धातूच्या पाइपनेच जायला हवं. रबर फक्त जिथे इंजिन हलतं आणि बॉडी हलत नाही अशा जागी, किंवा दोन भाग जोडायला, आखूड तुकडा म्हणून.

सावधान: गाडीखाली बघायला साधा काचेचा बल्ब असलेला दिवा नेऊ नका, त्यावर पेट्रोलचा थेंब पडला तर बल्ब फुटतो आणि पुढचं सांगायला नको. एलईडी टॉर्च वापरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती खड्ड्यात आणि जमिनीलगत साचते. सर्व्हिस पिटमध्ये हे काम करूच नका.

## २. माप घ्या, पण जुन्या पाइपचं नाही

माप म्हणजे पाइपचा आतला व्यास. बाहेरून मोजून दुकानात गेलात तर चुकीचाच येणार. आणि जुना पाइप कापून आतून मोजलात तरी चुकणार, कारण तो वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये फुगलेला किंवा ताणलेला असतो. मोजायचा तो, पाइप ज्यावर चढतो तो लोखंडी किंवा पितळी नळीचा भाग, त्याच्या टोकाच्या फुगवट्याच्या मागचा, सरळ भाग. व्हर्नियर कॅलिपर लागतो, पट्टीने होत नाही.

इंच आणि एमएमचा घोळ इथे होतो. पाव इंच म्हणजे ६.३५ एमएम. ५/१६ इंच म्हणजे ७.९ एमएम, त्यामुळे हा आणि ८ एमएमचा पाइप एकमेकांच्या जागी चालतात. ३/८ इंच म्हणजे ९.५ एमएम, आणि त्यावर १० एमएमचा पाइप चढवला तर तो आधीच ढिला, मग लोक क्लॅम्प (पाइप आवळून धरणारी पट्टी) आवळून आवळून तो बसवतात आणि रबर सुरकुततं, सुरकुतीतूनच गळतं. नियम एवढाच की पाइप ढकलताना थोडा जोर लागला पाहिजे. हाताने सहज सरकला तर माप चुकलंय.

लांबी लिहिताना दोन्ही बाजूंना नळीवर चढणारा भाग धरा, प्रत्येक बाजूला साधारण एक इंच.

## ३. ग्रेड ठरवा, सगळा खेळ इथे आहे

चांगल्या पाइपवर अंगावर छापलेलं असतं की तो कुठल्या स्टँडर्डचा आहे. सगळ्यात जास्त दिसतं ते एसएई जे३० (एसएई या अमेरिकन संस्थेचं पेट्रोल पाइपचं स्टँडर्ड), आणि त्यापुढे आर आणि एक आकडा. हा आकडा म्हणजे तुमचं उत्तर.

आर६ आणि आर७ हे कमी दाबाचे, कार्ब्युरेटरच्या जमान्याचे पाइप. ३/८ इंचापर्यंतच्या मापात ५० पीएसआय वर्किंग प्रेशर. आत बहुतेक वेळा नायट्राइल रबर असतं. साध्या पेट्रोलला नायट्राइल ठीक आहे, पण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्याला हळूहळू खातं, रबरातला मऊपणा टिकवणारा भाग काढून नेतं, आणि गाडी दोन महिने उभी राहून पाइप कोरडा पडला की तो कडक होतो आणि तडकतो. म्हणूनच रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा कव्हर घालून ठेवलेल्या गाडीचे पाइप आधी जातात.

आर९ हा इंजेक्शनसाठीचा. यात आत फ्लुरोइलास्टोमरचा थर असतो, म्हणजे फ्लोरीन असलेलं रबर, ज्याला इथेनॉल फारसं काही करू शकत नाही. वर्किंग प्रेशर १०० पीएसआय. आणि पेट्रोलची वाफ पाइपच्या भिंतीतून झिरपते त्यात तर जमीन-अस्मानाचा फरक आहे: आर७ ला मर्यादा आहे दर चौरस मीटरला दिवसाला ५५० ग्रॅम, आर९ ला १५ ग्रॅम. गॅरेजमध्ये कायम पेट्रोलचा वास येतो, कुठेही थेंब सापडत नाही, सगळे जॉइंट कोरडे, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा पाइप गळत नसतो, तो घामासारखा झिरपत असतो.

आर१४ म्हणजे दाब कमीच, पण झिरपणं रोखणारा थर असलेला. कार्ब्युरेटरच्या गाडीला चांगला पर्याय, मिळाला तर.

आर१० फक्त टाकीच्या आत बुडणाऱ्या तुकड्यासाठी. हे वेगळं का, तर बाकीच्या पाइपचं फक्त आतलं रबर पेट्रोलसाठी बनवलेलं असतं, बाहेरचं कव्हर ऊन, ओझोन आणि तेलाच्या शिंतोड्यांसाठी असतं. तो पाइप टाकीत बुडवला की बाहेरून फुगतो, मऊ होतो, त्याचा चिखल फिल्टरमध्ये जातो. आर९ कितीही भारी असला तरी टाकीच्या आत नाही म्हणजे नाही.

माझं मत विचाराल तर जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला पण आर९ घ्या. दाबासाठी नाही, आतल्या थरासाठी. "३-४ पीएसआयला १०० पीएसआयचा पाइप कशाला" असं मेकॅनिक म्हणतील, त्यांना म्हणू द्या, आपण दाब विकत घेत नाही, इथेनॉल सोसणारं रबर घेतोय. उलट बाजूने मात्र अजिबात नाही, इंजेक्शनच्या गाडीला आर७ नको. कागदावर ५० पीएसआय बघून लोक म्हणतात की आपला दाब ४३ आहे, भागेल की, पण परतीची लाइन चोंदली किंवा दाब सांभाळणारा रेग्युलेटर अडकला की दाब एकदम वर जातो, आणि वर इंजिनची उष्णता, आणि वर काही वर्षांचं वय. तिथे फुटलेला पाइप थेंब थेंब गळत नाही, फवारा मारतो.

डिझेल गाडी असेल तर आर९ चालतो, आणि बायोडिझेल मिसळलेलं इंधन मिळत असेल तर नायट्राइल टाळाच. इंजेक्टरवरची ती कापडी वेष्टनाची बारीक परतीची नळी वेगळीच येते, ती तिच्या मापाचीच घ्या.

सावधान, हे पाइप पेट्रोलला चालत नाहीत: हीटर किंवा रेडिएटरचा पाइप (ते बहुतेक ईपीडीएम नावाचं रबर असतं, पाण्याला उत्तम, पेट्रोलमध्ये फुगून जेलीसारखं होतं), सिलिकॉनचा रंगीत पाइप, व्हॅक्यूमची नळी, आणि ती पारदर्शक प्लॅस्टिकची नळी जिच्यातून पेट्रोल वाहताना बघायला मजा येते आणि जी काही महिन्यांत पिवळी पडून काडीसारखी मोडते. पेट्रोल भरायच्या तोंडाची जाड नळी बदलताना रेडिएटरचा पाइप त्याच मापाचा मिळतो म्हणून लावलेला मी स्वतः पाहिलाय, हात लावला तर हातात आला. ती नळीही पेट्रोलसाठीचीच घ्यायची, हवेच्या नळीचंही तेच.

अजून एक, स्टीलची जाळी किंवा कापडी वेष्टन असलेले पाइप. दिसायला भारी, जुन्या गाडीवर शोभून दिसतात हे मान्य. पण जाळी बघून आत काय आहे ते कळत नाही, बऱ्याचदा आत तेच साधं नायट्राइल असतं, आणि तडे गेले तरी जाळीखाली दिसत नाहीत. घ्यायचाच असेल तर आतल्या थराची माहिती लिखित मिळत असेल तरच.

## ४. दुकानात पाइप हातात घ्या आणि तपासा

पहिलं, छपाई. स्टँडर्ड, माप, कंपनीचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. नुसतं "फ्युएल होज" असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ काहीच नाही.

दुसरं, तारीख. बऱ्याच पाइपवर वर्ष आणि तिमाही छापलेली असते, काहींवर कोड. रबर शेल्फवर पडूनही म्हातारं होतं. खिडकीत उन्हात टांगलेल्या बंडलमधलं बाहेरचं वेटोळं घेऊ नका, आतल्या बाजूचं मागा.

तिसरं, कापलेलं टोक बघा. आतला थर, मधली दोऱ्यांची वीण आणि बाहेरचं कव्हर. आर९ मध्ये बऱ्याचदा आतला थर वेगळा ओळखू येतो, पण रंगावरून ठरवू नका, काळ्यावर काळाही असतो. भिंत सगळीकडे सारखी जाड आहे का बघा, एका बाजूला पातळ असेल तर परत द्या.

चौथं, वाकवा. मुडपला आणि तिथे चपटा झाला तर ओढीच्या बाजूला हा पाइप आत दबून पेट्रोल अडवणार.

शंका असेल आणि वेळ असेल तर ही टेस्ट करा. दोन इंचाचा तुकडा कापा, आतला-बाहेरचा व्यास मोजून लिहा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत तुम्ही नेहमी भरता त्याच पेट्रोलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा, घराबाहेर, सावलीत, आगीपासून लांब, मुलांच्या हाताला लागणार नाही असं. बाहेरचं कव्हर थोडं फुगेल, ते धरायचं नाही. पेट्रोल काळं झालं, आतला थर सुटला किंवा आतून चिकट झाला तर पाइप बाद. मग तो दोन दिवस मोकळ्या हवेत वाळवा आणि वाकवून बघा. ही दुसरी अर्धी पायरी लोक सोडतात, पण उभ्या गाडीत तडे जातात ते वाळतानाच.

## ५. क्लॅम्प पाइपसोबतच घ्या

जुने क्लॅम्प परत वापरू नका, दोन कारणांनी: एक तर ते नव्या पाइपच्या बाहेरच्या व्यासाला बसत नाहीत, दुसरं म्हणजे ते ताणले गेलेले असतात.

पट्टीला आरपार खाचा असलेले नेहमीचे स्क्रू क्लॅम्प बारीक पाइपवर वाईट. त्या खाचांतून रबर वर येतं आणि किसणीसारखं कापलं जातं, आणि छोट्या मापात ते नीट गोलही होत नाहीत. इंजेक्शनसाठीचे मिळतात ते घ्या, ज्यांची पट्टी आतून सपाट आणि कडा बाहेर वळवलेल्या असतात आणि छोट्या नट-बोल्टने आवळतात. कार्ब्युरेटरला स्प्रिंगचे क्लॅम्पही चांगले, रबर थोडं बसलं तरी ते आपोआप दाब धरून ठेवतात.

चेक: क्लॅम्प पाइपचा बाहेरचा व्यास बघून घ्यायचा असतो. आर९ ची भिंत बऱ्याचदा जाड असते, त्यामुळे पाइप त्याच आतल्या मापाचा असूनही जुन्या क्लॅम्पचा नंबर चालत नाही.

## ६. जुना पाइप काढताना

इंजिन पूर्ण थंड. इंजेक्शनची गाडी असेल तर आधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टाकीचं झाकण उघडून परत लावा. अग्निशामक हाताशी. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कुठला पाइप कुठे होता ते तासाभराने आठवत नाही.

पाइप पिरगाळून ओढू नका. कार्ब्युरेटरची पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते, पिरगाळलं की ती पाइपसकट बाहेर येते, आणि फिल्टरचं प्लॅस्टिकचं टोक मोडतं. पाइप लांबीच्या दिशेने ब्लेडने चिरा आणि सोलून काढा, पण ब्लेड नळीला लागू देऊ नका, तिथला ओरखडा म्हणजे कायमची गळती. नळीच्या टोकाचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा. टाकीकडची नळी बंद करायला आधी बूच तयार ठेवा.

## ७. नवा बसवताना

पाइप धारदार ब्लेडने एका झटक्यात सरळ काटकोनात कापा. हॅकसॉने नको, रबराचा भुगा आत जातो आणि नंतर तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये सापडतो. कापल्यावर आतून फुंकून घ्या.

आर९ चढवताना एक खास गोष्ट. त्याचा आतला थर पातळ असतो, आणि नळीच्या टोकाला धारदार कड असेल तर तो थर सोलला जाऊन आत गुंडाळी होते. बाहेरून काही दिसत नाही, गाडी मात्र चढावर दम टाकते आणि माणूस पंप बदलत बसतो. म्हणून नळीची कड आधी गोल करा, थोडंसं इंजिन ऑइल लावा आणि सरळ ढकला.

पाइप फुगवट्याच्या पुढे गेला पाहिजे आणि क्लॅम्प फुगवट्याच्या मागे बसला पाहिजे, फुगवट्यावर नाही, आणि पाइपच्या अगदी टोकावरही नाही. इंजेक्शनच्या दाबाला फुगवटा नसलेल्या गुळगुळीत नळीवर रबर लावू नका, ते एक दिवस सुटतंच.

रस्ता आखताना एक्झॉस्टपासून लांब, पत्र्याच्या भोकातून जात असेल तर भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडी), इंजिन हललं तरी ताणला जाणार नाही इतकी ढील. वळण जास्तच असेल तर जबरदस्तीने वाकवू नका, तयार वळलेला पाइप किंवा धातूचा बाक घ्या. फिल्टर पारदर्शक प्लॅस्टिकचा असेल तर एक्झॉस्टच्या जवळ टांगू नका.

क्लॅम्प किती आवळायचा? रबर पट्टीच्या कडेने थोडं वर यायला लागलं की थांबा. जास्त आवळून गळती बंद होत नाही, पाइप कापला जातो.

## ८. गाडी सुरू करायच्या आधी आणि नंतर

इलेक्ट्रिक पंप असेल तर इग्निशन ऑन करा, स्टार्ट करू नका, दोन-तीनदा ऑन-ऑफ करून लाइन भरू द्या, आणि प्रत्येक जॉइंटवर कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्यांना दिसत नाही ते पेपरवर डाग म्हणून दिसतं. मेकॅनिकल पंप असेल तर थोडं क्रँक करून (स्टार्टरने इंजिन फिरवून) तेच. मग स्टार्ट करा, परत पेपर. मग पूर्ण गरम होऊ द्या, बंद करा, परत बघा, गरमीत काही जॉइंट ढिले पडतात.

ओढीच्या बाजूची गळती मात्र पेपरवर दिसेलच असं नाही, कारण तिथे पेट्रोल बाहेर येण्यापेक्षा हवा आत जाते. सकाळी खूप क्रँक करावं लागणं, फिल्टरमध्ये सतत बुडबुडे, पंप घरघरणं, ही त्याची लक्षणं, आणि लोक पंप बदलून मोकळे होतात. टाकी ते पंप हे जॉइंट आधी बघा.

दोन-चार दिवस चालवल्यावर, इंजिन थंड असताना, स्क्रूवाले क्लॅम्प एकदा परत हलकेच आवळा, नवं रबर दबतं. इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या टाकीतला चिकटा सोडवतं, त्यामुळे पाइप बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत फिल्टर चोंदला तर नवल नाही, एक जादा फिल्टर घरात असू द्या.

पाइपवरची छपाई वर, दिसेल अशी ठेवून बसवा, आणि बसवल्याची तारीख पेंट मार्करने त्याच्याच अंगावर लिहा. दर सर्व्हिसला क्लॅम्पजवळचा भाग बोटाने दाबून बघा, तडे सगळ्यात आधी तिथेच येतात. एक तुकडा जरी कडक लागला तरी त्याच्यासोबत बसवलेले सगळे एकदमच काढा.